पियानोला हात न लावता पियानो शिकवणारे चॅनेल कसे निवडावे

पियानो शिकण्याची हौस आणि पियानो शिकण्याचे कष्ट या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि ऑनलाइन व्हिडिओंच्या कृपेने पहिली गोष्ट दुसरीच्या वाऱ्यालाही उभी न राहता वर्षानुवर्षे जोपासता येते. त्यासाठी चॅनेलची निवड मात्र डोळसपणे करावी लागते. भलते चॅनेल हाती लागले, तर चांगला भला माणूस चौथ्याच मिनिटाला व्हिडिओ थांबवतो, उठून वाद्यापाशी जाऊन बसतो आणि पाऊण तास एकाच ओळीशी झटत राहतो. आपल्यावर असा प्रसंग ओढवू नये, या कळकळीपोटी हे चार शब्द.

पारख थंबनेलपासून सुरू करावी. शिकवणाऱ्याचे डोळे विस्फारलेले असावेत, तोंडाचा आ वासलेला असावा, शेजारी एक लाल बाण असावा आणि ठळक अक्षरांत एखादी मुदत असावी: एका तासात, एका आठवड्यात, एकवीस दिवसांत. मुदत जितकी आखूड, तितके चॅनेल थोर. पियानोच्या परीक्षांमध्ये एकापाठोपाठ एक अशा आठ श्रेणी असतात आणि त्या पार करताना मेहनती मुलांचेही सगळे शालेय आयुष्य सरते, हे आपण ऐकले असेल. या परीक्षा घेणारे लंडनचे असोसिएटेड बोर्ड १८८९ साली स्थापन झाले, तेव्हा या लाल बाणाचा शोध लागलेला नव्हता, एवढेच त्याचे कारण आहे.

यानंतर आपण रंगीत कांड्यांच्या पावसाकडे वळू, कारण आपल्या उद्दिष्टासाठी याहून उपयुक्त काही अद्याप निघालेले नाही. सिंथेशिया नावाच्या सॉफ्टवेअरमुळे रूढ झालेल्या या प्रकारात पडद्याच्या वरच्या कडेतून हिरव्या-निळ्या कांड्या खाली घसरत येतात आणि पियानोच्या चित्रातील ज्या पट्टीवर कांडी पडेल ती पट्टी आपण दाबायची असते. कोणती पट्टी, केव्हा आणि किती वेळ, हे कांडी बिनचूक सांगते. कोणत्या बोटाने, किती जोराने, कोणता सूर पुढे आणि कोणता मागे ठेवून, आणि वाक्य कुठे संपवून, याविषयी ती अवाक्षर काढत नाही. याचा प्रत्यय घ्यायचा असेल, तर मधल्या सी सुराला षड्ज मानून उजव्या हाताने साधे सप्तक वाजवून पाहावे. शिक्षकाच्या पद्धतीने अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांनी सा, रे, ग वाजवून झाले, की अंगठा तळहाताखालून सरकवून मध्यमावर आणायचा असतो, म्हणजे उरलेले पाच सूर पाच बोटांना पुरतात. या एका सरकवण्यावर शिक्षक मंडळी आठवडेच्या आठवडे घालवतात. कांडीला मात्र अंगठा नसतो. ती मध्यमावर पडते, आपण अनामिका पुढे करतो. ती पंचमावर पडते, आपण करंगळी पुढे करतो. आणि धैवत आला की हात संपतो. अशा वेळी खांद्यापासून सगळा हात उचलून पुढे टाकावा. पाहणाऱ्यांना तो आवेश वाटतो.

कांड्यांचा दुसरा मोठा फायदा असा, की पाच रेषांवरचे नोटेशन आयुष्यात कधी वाचावे लागत नाही. नोटेशन वाचणाऱ्याला न ऐकलेली, कोणी व्हिडिओ न केलेली रचनाही कागदावरून उलगडता येते, म्हणजे त्याला चॅनेलची गरज उरत नाही. हा कृतघ्नपणा आपल्या हातून होता कामा नये.

रचनांच्या निवडीत परंपरा पाळावी आणि ‘फ्युअर एलिझ’नेच श्रीगणेशा करावा. बेथोव्हनने ही रचना १८१० च्या सुमारास लिहिली आणि ती छापून आली १८६७ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूला चाळीस वर्षे झाल्यावर. चाळीस वर्षे ती कोणाला ठाऊक नव्हती. आता तिचा अर्धाच भाग सगळ्यांना ठाऊक आहे, ही प्रगतीच म्हणावयाची. त्या हुरहुरत्या पहिल्या भागानंतर मुळात आणखी दोन भाग येतात. एकात उजव्या हाताची भरभर धावपळ आहे आणि दुसऱ्यात डावा हात खर्जातला एकच सूर खाली ठोकत राहतो आणि त्यावर वादळ उठते. आदर्श ट्युटोरियल पहिल्या भागाच्या शेवटी हसतमुखाने निरोप घेते. बेथोव्हनला पुढचे सुचले नसावे, अशी आपलीही प्रामाणिक समजूत झाली, की हा धडा पूर्ण झाला असे समजावे.

कॅमेऱ्याचा कोन हाही पारखण्याचा विषय आहे. कॅमेरा नेहमी डोक्यावरून, थेट पट्ट्यांवर रोखलेला असावा. त्यातून बोटे सुरेख दिसतात. मनगट वर आहे की खाली लोंबकळते आहे, कोपर अंगाला चिकटले आहे काय, बाकाची उंची किती आहे, हे काहीही दिसत नाही. पाय तर दिसण्याचा प्रश्नच नाही. उजवे पेडल सर्व तारांवरचे दाबक एकदम उचलते, त्यामुळे स्वरसंगती बदलली की पायही अचूक वेळी उचलून पुन्हा टेकवावा लागतो, नाहीतर सगळ्या सुरांचा एकमेकांत चिखल होतो. जे शिक्षक एक कॅमेरा जमिनीवर ठेवून पायाचा हा बारीक खेळ दाखवतात, ते औचित्य सोडून वागतात, असे माझे मत आहे. आपण पेडल रचनेच्या आरंभी दाबावे आणि टाळ्या संपल्यावर सोडावे. चुकलेले सूर त्या धुक्यात सन्मानाने विरून जातात.

चेहऱ्याचे मात्र सर्व हावभाव दिसले पाहिजेत. फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्टोफोरीने १७०० च्या सुमारास जे वाद्य घडवले, त्याची सगळी करामत अशी, की बोटाने दाबलेली पट्टी हातोडीला वर भिरकावते आणि तारेला लागण्यापूर्वीच हातोडी यंत्रणेतून सुटते. आजच्या पियानोतही पट्टी जेमतेम दहा मिलिमीटर खाली जाते आणि तळाला टेकण्याच्या किंचित आधी हा सुटण्याचा क्षण येऊन गेलेला असतो. त्यानंतर तो सूर कधी तोडायचा एवढेच बोटाच्या हाती राहते. त्याचा जोर वाढवणे वा त्यात कंप आणणे अशक्य असते. म्हणून सूर वाजल्यानंतर पट्टीवर बोट घोळवणारा, डोळे मिटून छताकडे मान वळवणारा आणि हात संथपणे आकाशात नेणारा वादक दिसला, की तत्काळ सबस्क्राइब करावे. यंत्रशास्त्राच्या विरोधात एवढ्या निष्ठेने उभा राहणारा माणूस विरळा.

आता धोक्याच्या जागा. वेळ वाया न घालवणारी चॅनेल ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. तेथे शीर्षकात रचनेचे नाव, ओपस क्रमांक, म्हणजे रचनाकाराच्या कृतींमधला तिचा क्रमांक, आणि कधीकधी मात्रांच्या घरांचे क्रमांकसुद्धा असतात. शिक्षक एकाच जागेवर दहा-दहा मिनिटे रेंगाळतो, उजवा हात वेगळा आणि डावा हात वेगळा वाजवायला लावतो, बोटांचे क्रमांक सांगतो आणि हेच बोट का, याचे कारणही देतो. तो मुद्दाम चुकीचे वाजवून दाखवतो, मग बरोबर वाजवतो, आणि फरक ऐकू आला काय असे विचारतो, जणू काही आपण ऐकायला आलो आहोत. प्रेक्षकसंख्या बेताची असते. सर्वांत घातक खूण म्हणजे तो मधेच म्हणतो, ‘आता व्हिडिओ थांबवा आणि हे करून पाहा.’

अशांपैकी काहींची नावे सावधगिरीसाठी देतो. जॉश राइट हे अमेरिकन पियानोवादक शोपँच्या किंवा लिस्टच्या रचनेतील अवघड जागा एकेक करून सोडवून दाखवतात. त्यांच्या नादी लागलेल्याला ती रचना येऊ लागण्याचा संभव असतो. ग्रॅहम फिच यांचे तर बहुतेक बोलणेच मुळी सराव कसा करावा या विषयावर असते, आणि त्यात संथ गतीविषयी इतके काही सांगितलेले असते, की संथ वाजवणे हा कमीपणा नाही असे माणसाला वाटू लागते. हॉफमन अकॅडमीचे धडे मुलांसाठी क्रमवार रचलेले आहेत. प्रौढाने तेथे जाणे मानहानीचे आहेच, शिवाय पहिल्या धड्यानंतर दुसरा पाहावा अशी त्यांची अपेक्षा असते, आणि ती आपल्या स्वभावाला मानवणारी नाही. टोनबेसवर मैफली गाजवणारे वादक स्वतः येऊन एकेका वाक्याची उकल करतात. हे सगळे टाळणे अशक्य झाले, तर निदान दुप्पट वेगाने पाहावे. संथ सराव शिकवणारा व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहिल्यास त्यातील उपदेश अंगाला लागत नाही. अडलेली जागा पुन्हा पाहता यावी म्हणून वेग निम्म्यावर आणण्याचीही सोय त्याच यादीत असते. तिच्याकडे दृष्टी जाऊ देऊ नये.

पॉल बार्टन यांच्याबाबतीत थोडी सवलत देता येईल. थायलंडमध्ये राहणाऱ्या या इंग्रज वादकाने अनेक रचनांचे तपशीलवार, शांतपणे समजावून सांगणारे धडे घातलेले आहेत, ही गोष्ट खेदाची आहे. परंतु त्याच चॅनेलवर ते उघड्यावर पियानो मांडून हत्तींसाठी वाजवतानाही दिसतात. आपण फक्त हत्ती पाहावेत. हत्तींनाही बोटांचे क्रमांक विचारत नाहीत.

आपण शिकाऊ नसून नुसते रसिक असाल, तर आपली वाट अधिक सोपी आहे. वॉर्सा येथील शोपँ इन्स्टिट्यूट दर पाच वर्षांनी होणारी शोपँ पियानो स्पर्धा पहिल्या फेरीपासून आपल्या चॅनेलवर दाखवते. तेथे शोपँचे एकच बॅलड किंवा एकच मझुर्का पाठोपाठ अनेकांच्या हातून ऐकायला मिळते, आणि सलग ऐकत गेल्यास कोण घाई करतो, कोणाचा डावा हात बोलतो आणि कोणाचा नुसता ठोके देतो, हे कोणी न सांगता कळू लागते. हा कान तयार होण्याचा रोग आहे. त्याची लागण होण्याआधी खाली सरकून प्रतिक्रिया वाचाव्यात. १९८० मध्ये याच स्पर्धेत इव्हो पोगोरेलिच यांना अंतिम फेरीत घेतले नाही म्हणून मार्था आर्गेरिच परीक्षक मंडळातून बाहेर पडल्या होत्या. त्या मोठ्या वादिका होत्या आणि त्यांनी आधी ऐकले होते. आपण त्यांचा राग तेवढा घ्यावा, ऐकण्याची अट सोडून द्यावी, आणि पहिल्याच फेरीत परीक्षक विकले गेल्याचे जाहीर करावे. युन्चान लिम या अठरा वर्षांच्या मुलाने २०२२ साली व्हॅन क्लायबर्न स्पर्धेत वाजवलेला राखमानिनोव्हचा तिसरा कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना, चाळीस मिनिटांहून मोठा आहे. त्याची शेवटची दोन मिनिटे पाहिली, की पहिल्या भागातील ती साधी, एकेरी सुरुवात ऐकल्याशिवाय या शेवटाचे वजन कळत नाही असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यास आपण पात्र ठरता.

वाद्य विकत घेण्यापूर्वी तुलनेचे व्हिडिओ पाहणे हे अर्थातच आद्य कर्तव्य आहे, आणि ते नीट पार पाडले तर वाद्य कधीच घ्यावे लागत नाही. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, त्यांचे वजन आणि पेडल चालते की नाही हे पाहून निर्णय घेणारे उतावळे लोक असतात. आपण दोन मोठ्या पियानोंच्या खर्जाची तुलना मोबाइलच्या स्पीकरवर ऐकावी. पियानोचा सर्वांत खालचा सूर २७.५ हर्ट्झचा असतो आणि मोबाइलच्या स्पीकरला तो पेलत नाही. आपल्याला जे ऐकू येते ते त्याचे वरचे स्वरांश असतात. तरीही डाव्या पियानोचा खर्ज अधिक उबदार आहे, असे ठामपणे लिहावे. कोणाचीही हरकत येणार नाही, कारण बाकीचेही मोबाइलवरच ऐकत असतात.

या मार्गाने चालल्यास काही काळाने ‘नंतर पाहा’ या यादीत शेकडो व्हिडिओ साठतात, बोलण्यात रुबाटो, व्हॉइसिंग असे शब्द सहज येऊ लागतात आणि आपल्याला पियानो येतो असा बोभाटा होतो. मग एखाद्या दिवशी घरी आलेले पाहुणे काहीतरी वाजवून दाखवण्याचा आग्रह धरतात. अशा वेळी गडबडून न जाता झाकणावरून हळुवार हात फिरवावा आणि पियानो ट्यून करायचा राहिला आहे, असे सांगावे. पियानो डिजिटल असेल तरी हेच सांगावे. तो कधी उतरत नाही, हे ठाऊक असलेला पाहुणा फार तर एखादा निघेल, आणि त्याला पहिल्या भेटीतच आपल्या सबस्क्राइब केलेल्या चॅनेलांची यादी वाचून दाखवावी.