तानपुऱ्याचा दोरा आणि एआय

एआय आलं आता कला संपली म्हणणारे एकीकडे, आणि कलाकारांनी उगाच रडू नये म्हणणारे दुसरीकडे, रोज हाच वाद वाचतेय आणि मला खरं सांगू, दोघांचंही पटत नाही.

मी गाणं शिकवते. रियाजाला बऱ्याचदा मोबाईलवरचा तानपुराच लावते, सूर पक्का, कधी उतरत नाही, पहाटे एकटं बसायचं तर फार मोठा आधार आहे तो. पण खरा तानपुरा गवसणीतून काढला की आधी खुंट्या पिळा, मग मणी सरकवा, मग घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, तारेखालचा दोरा केसभर पुढे केसभर मागे करत बसा, वीस वीस मिनिटं तार मठ्ठच वाजत राहते आणि मग एका जागी जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, अशी खुलते की खर्जाच्या, म्हणजे खालच्या सा च्या तारेतून गंधार ऐकू यायला लागतो, जो कुठल्याच तारेला लावलेला नसतो! त्या वीस मिनिटांत कान तयार होतो.

आणि तो दोरा, ती घोडी, हे तंत्रज्ञान नाही तर काय आहे? कामसूत्रात वात्स्यायनाने दिलेल्या ६४ कलांच्या यादीत गाणं, नाच, चित्रं आहेत तशीच सुतारकाम, वास्तुविद्या, धातुवाद म्हणजे धातूंची विद्याही आहेत. कला वेगळी, तंत्रज्ञान वेगळं ही फारकत आपण नंतर केली.

१८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या चित्रकाराने रंगासाठी दाबायची धातूची ट्यूब काढली. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयात बांधून ठेवायचे, एकदा टोचलं की नीट बंद व्हायचं नाही. ट्यूब खिशात टाकता आली म्हणून इम्प्रेशनिस्ट चित्रकारांना बाहेर उन्हात उभं राहून रंगवणं इतकं सोपं झालं. १९०२ मध्ये गायिका गौहर जान रेकॉर्डिंगच्या भोंग्यासमोर गायल्या तेव्हा माईक नव्हताच, जोरात गायचं आणि तीनेक मिनिटांत राग उभा करायचा. तासभराचा ऐवज तेवढ्यात बसवायचा म्हणजे काय ठेवायचं काय सोडायचं हे गाणाऱ्यानेच ठरवायचं, आणि त्यातून मांडणीची एक वेगळीच शिस्त आली. पुढे १९२५ च्या सुमारास माईकवर रेकॉर्डिंग सुरू झालं आणि हळू, कानाशी बोलल्यासारखं गाणंही रेकॉर्डवर उतरायला लागलं.

त्यामुळे माझा राग मशीनवर नाहीच. राग याचा आहे की कितीतरी चित्रकारांचं, गाणाऱ्यांचं आयुष्यभराचं काम त्यांना न विचारता उचललं आणि त्यावर एआयची मॉडेल शिकवली, ना पैसे ना नाव. ही सरळ उचलेगिरी आहे आणि तिला प्रगती म्हणायला मी तयार नाही. आणि दुसरं म्हणजे ती वीस मिनिटं वाचवून देतो असं जे विकलं जातंय ना, त्याची मला जास्त भीती वाटते, कारण कान नसेल तर मशीनने दिलेल्या शंभर तुकड्यांतला बरा कोणता हे ठरवणार कोण?

मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीने विचारलं, ताई ॲप असताना हे कशाला? मी तिच्या हातात तो दोरा दिला. चार दिवस वैतागली बिचारी, पाचव्या दिवशी तार बोलली. परवा ती क्लासला आली, मोबाईलवरचा तानपुरा लावला, दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, ताई यातला पंचम जरा चढाय, सेटिंगमध्ये जाऊन उतरवू का?