वायफायची जबानी

मी चहाला उठलो की माझ्या जुन्या लॅपटॉपचं वायफाय जायचं. कप घेऊन परत येईपर्यंत राम म्हटलेला. "राउटर बंद करून चालू कर," ही बायकोची सर्वरोगहारी मात्रा. पण घरातले फोन धडधडीत चालू होते. शिवाय एवढ्यावर भागवायचं, तर लिनक्स टाकलं कशाला?

रात्री नेटवर्कमॅनेजरला, म्हणजे लिनक्समध्ये नेटची जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, बोलतं करायला बसलो. हा गडी मूळचा मितभाषी, त्याच्या लॉगची, म्हणजे नोंदवहीची, पातळी 'इन्फो', कामापुरतंच बोलणारी. त्याच्याच एनएमसीएलआय या टूलची कमांड देऊन ती थेट 'ट्रेस'वर नेली, म्हणजे बारीकसारीक सगळं नोंदव; विषय 'ऑल'. सेटिंग बदललं की सर्व्हिस रीस्टार्ट करायची, ही हाताची खोड, तीही केली. आणि अर्धा तास रिकामी स्क्रीन बघत बसलो. कमांडने दिलेली पातळी रीस्टार्टबरोबर पुसली जाते, हे नंतर वाचलं.

मग त्याच्या कायमच्या सेटिंगांच्या कॉन्फ.डी फोल्डरमध्ये लॉगिंगची रीतसर फाइल टाकली. आता मात्र घुम्या जावयाने लग्नातल्या मानपानापासून सुरुवात करावी तसं झालं. नेटवर्ककडून पत्ता मिळवणाऱ्या डीएचसीपीने काय मागितलं, साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसला काय कळवलं, एकेक ओळ. मी सगळं समजल्यासारखी मान डोलवत होतो. तुटण्याचा नेमका क्षण पकडावा म्हणून शेजारच्या खिडकीत पिंगही, म्हणजे सतत छोटे संदेश पाठवत राहणारी कमांड, लावून ठेवला.

वायफाय जाईना! तीन चहा झाले, दोन वाजले. मुद्दाम पाठ फिरवून बसलो, तरी नाही.

"काय झालं?" आतून आवाज.

"चालतंय."

"मग झोप ना!"

पिंग बंद केला, लॅपटॉप तसाच ठेवून झोपलो. सकाळी लॉगमध्ये वायफायची जोडणी करणाऱ्या सप्लिकंट प्रोग्रॅमची ओळ हजर: डिस्कनेक्टेड, रीझन 4. चार म्हणजे हालचाल नाही म्हणून संबंध संपला. रात्रभर माझा पिंगच वायफायला चिमटे काढून जागा ठेवत होता!

वीज वाचवायला वायफाय डुलकी घेत होतं. पॉवरसेव्ह बंद करायचं तर आकडा टाकायचा 2, चालू ठेवायचं तर 3. शून्य आणि एक इतके सरळ आकडे भलत्याच कामाला लावलेत. दोन टाकला, आणि चहा सुखाचा झाला.

परवा सहज पाहिलं, हे सगळे लॉग साठवणाऱ्या जर्नलने साडेतीन जीबी जागा खाल्लीय. ट्रेस काढायचं राहूनच गेलं.