आईची अंबाडी

आज सकाळी फाटकाजवळच्या कचऱ्यावर माझी अंबाडी पडलेली दिसली. सहाच्या सहा झाडं, मुळासकट. पुरुषभर वाढलेली, नुकती लाल बोंडं धरलेली. का, तर "पानं गांजासारखी दिसतात" अशी कुणीतरी तक्रार केली आणि मला न विचारता माळ्याकडून उपटून घेतली.

अरे, एकदा बेल तरी वाजवायची! पानाला बोटं फुटतात, लांबून फसायला होतं, मान्य. पण भेंडीसारखं पिवळं फूल, मध्ये गडद लाल. गांजाला कधी असलं फूल येतं का?

हे बी आईचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या मृगाला तिनं जुन्या लुगड्याच्या चिंधीत पुरचुंडी बांधून दिली. "एक झाड बियाला ठेवत जा, त्याचं पान खुडू नको," एवढंच म्हणाली. नांदेड सोडून पुण्यात आले, तीन घरं बदलली, पण दर पावसाळ्यात एका झाडाला लाल दोरा बांधला. अंबाडी एका हंगामाची. एक वर्ष बी धरलं नाही की संपलं. आज तो दोरा ढिगात सापडला.

जागा सोसायटीची आहे, ठीक आहे. पण श्रावणात ह्याच झाडांचा पाला मी चार घरी दिला होता. उकडून, आंबट पाणी पिळून, तुरीची डाळ नि ज्वारीच्या कण्या घालून घोटायचा. भाजीत खळगा करून वर लसणाची चरचरीत फोडणी. बोटं चाटून खाल्लीत ना? आणि दुकानातून 'हिबिस्कस टी' म्हणून महागडी डबी आणता, ती ह्याच लाल बोंडांची असते!

तणतणत माळ्याकडे गेले. विशीतलं पोर. मान खाली घालून म्हणालं, "काकू, मला वळखू आली होती. आमची माय बी करती भाजी. पण सायबांनी सांगितलं." त्याच्यावर काय ओरडणार? दोघांनी बसून बोंडं खुडली. अर्धी त्याला दिली, चटणीला.

दोऱ्याच्या झाडाची बोंडं फोडून पाहिली. बी अजून पांढरं, कोवळं. रुजायचं नाही.

आई जाऊन चार वर्षं झाली.

नांदेड, परभणी, हिंगोलीकडे कुणाच्या दारात लाल अंबाडी असेल तर मूठभर बी ठेवा माझ्यासाठी. वाळलं की कळवा, मी स्वतः येईन न्यायला. पुरचुंडीची चिंधी अजून आहे माझ्याकडे.