नवा माणूस घडवताना

तुमच्या विद्यार्थी सहाय्य कक्षात नवा माणूस रुजू होतोय आणि त्याच्या प्रशिक्षणाचं लोढणं तुमच्या गळ्यात आलंय. घाबरू नका. एवढं एकच सांभाळा: नव्या माणसाला कार्यालय नखशिखांत कळलं पाहिजे, विद्यार्थी मात्र चुकूनही नजरेला पडता कामा नये.

प्रशिक्षण फी भरण्याच्या शेवटच्या आठवड्यात ठेवा. निवांत दिवसांत ठेवलं तर लोक प्रश्न विचारतात.

पहिला दिवस संस्थेच्या ध्येयधोरणांचा. सकाळपासून स्लाइड, एकामागून एक, आणि प्रत्येक स्लाइड शब्दन् शब्द वाचून दाखवायची. हेरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेलं किती झपाट्याने विसरलं जातं, हे त्याने मोजलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जेमतेम एक तृतीयांश उरायचं. बिचाऱ्याने पाठ केली होती ती मुद्दाम बनवलेली निरर्थक अक्षरं, त्यामुळे त्याचा निष्कर्ष आपल्या ध्येयवाक्याला जसाच्या तसा लागू पडतो. आता हेच थोडं थोडं करून, मध्ये दिवस सोडून पुन्हा उजळलं तर जास्त टिकतं, असं कोणी सुचवेल. त्याला पुढच्या वर्षीच्या समितीत घ्या.

दुसऱ्या दिवशी नियमपुस्तिका. ती वाचायला द्या, परत वाचायला द्या, आणि 'वाचली, समजली' अशी सही घ्या. परीक्षा बिलकुल नको. 2006 साली रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं, पण 'आपल्याला येतंय' असा भरवसा मात्र पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त होता. आपल्याला खिडकीवर काय हवं? भरवसाच ना?

तिसरा दिवस अनुभवी सहकाऱ्याच्या शेजारी बसण्याचा. शेजार निवडताना ज्या बाईंना सगळं तोंडपाठ आहे आणि ज्यांनी आजवर एक ओळही लिहून ठेवलेली नाही, त्याच निवडा. त्यांचा हात कीबोर्डवर इतका वेगात फिरतो की नव्या माणसाला फक्त बांगड्या ऐकू येतात. "हे असं करायचं," एवढंच त्या सांगतील. तसं का, हे विचारलं तर "आधीपासून असंच आहे." त्या बाई पुढच्या आठवड्यात रजेवर असतील याची खात्री करून घ्या.

मी स्वतः असं प्रशिक्षण घेतलंय, म्हणून अधिकाराने सांगतोय. तीन दिवसांत मला कार्यालयाचा सगळा पदक्रम शिकवला, कोण कोणाच्या हाताखाली ते बाणांसकट. चौथ्या दिवशी फोन वाजला आणि तो दुसऱ्या टेबलावर कसा वळवायचा, हेच मला ठाऊक नव्हतं. एकाच मुलीचा फोन मी तीनदा कापला. चौथ्यांदा तिने केला नाही, आणि आमच्या नोंदवहीत ती 'तक्रार निकाली' म्हणून गेली.

आता खिडकीचा सराव. खरं तर तो टाळलेलाच बरा, कारण त्यात नको ते उघडं पडतं. एक मुलगा येतो आणि विचारतो, "फी भरायला मुदत वाढवून मिळेल का?" पुस्तिकेत उत्तर आहे: नाही. नवा माणूस तेच सांगतो, अगदी नम्रपणे, मान किंचित तिरकी करून. मुलगा "बरं" म्हणतो, पण हलत नाही. कागदाची घडी उलगडतो, पुन्हा घालतो. त्याला खरं विचारायचं होतं ते हे की घरची कमाई थांबली आहे, तर शिक्षण सोडावं लागेल की मधे वर्षभर थांबून परत येता येईल. त्यासाठी "काय झालंय, सांगशील का?" एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण ते कुठल्याच स्लाइडवर नाही. "पुढचा!"

रडू फुटलेल्या मुलीला कुठल्या खोलीत बसवायचं, समुपदेशकाला कोणत्या नंबरवर बोलवायचं, पालकांनी फोनवरून गुण विचारले तर मुलाच्या संमतीशिवाय सांगायचे का, हे सगळं 'अवघड प्रसंग' या सत्रात येतं. हे सत्र शेवटच्या दिवशी, शेवटी ठेवा. वेळेअभावी ते रद्द होतं, आणि कार्यक्रमपत्रिकेवर छापलेलं असल्यामुळे घेतल्यासारखंही दिसतं. (इथे थट्टा जरा जिभेवर अडखळते. पण पुढे चला.)

राहिलं मूल्यमापन. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी प्राध्यापकाने 1959 मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रशिक्षण आवडलं का, त्यातून काही शिकला का, कामात बदल झाला का आणि त्याचा परिणाम काय दिसला. तुम्ही पहिल्या पायरीवर मुक्काम ठोका. हसऱ्या चेहऱ्यांचा फॉर्म वाटा आणि तुमच्यासमोरच भरून घ्या. चौथ्या पायरीवर जायचं तर एकच विद्यार्थी एकाच कामासाठी किती वेळा परत आला, ते मोजावं लागेल. असले आकडे एकदा काढले की मग ते कोणीतरी वाचतं.

समारोपाला सामूहिक फोटो हवाच. फोटोत मागची खिडकी येऊ देऊ नका. बाहेर रांग असेल, आणि काचेवर तुमचीच पाटी असेल: 'कर्मचारी प्रशिक्षणामुळे आज कामकाज बंद'. पाटी लॅमिनेट करून घ्या. नवा माणूस फार दिवस टिकणार नाही, ती पुन्हा लागेल.