वेलांटीवर अडलं म्हणून युनिकोड अर्धवट?

तिसऱ्या वर्षाला असलेल्या भाचीने परवा एक फिरता मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, मग व्हेरिएबलची नावं इंग्रजीतच ठेवू का?" मेसेजात तीन छातीठोक दावे. जेफ्लेक्स (प्रोग्रामचा मजकूर वाचून त्याचे शब्द-तुकडे पाडणारा ‘स्कॅनर’ बनवून देणारं साधन) मधले तयार अक्षरवर्ग दर अक्षराला जावाची मेथड कॉल करतात, म्हणून संथ. ‘डिजिट’ वर्ग म्हणजे फक्त इंग्रजी आकडे. आणि ‘लेटर’ वर्ग लावूनही मराठी नावं फुटतात, म्हणजे युनिकोडमध्येच (जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात) भारतीय लिप्या अर्धवट आहेत; मुकाट्याने ए ते झेड लिहा.

माझं डोकं फिरलं ते तिसऱ्यावर. भाचीच्या स्क्रीनवर ‘किंमत’ वाचताना स्कॅनर ‘क’ गिळून थांबला होता. पुढे ‘इल्लिगल कॅरॅक्टर’, आणि ठिपक्यांच्या गोलाला चिकटलेली एकटी वेलांटी. यात युनिकोडचं काय चुकलं? क, म, त ही त्याच्या लेखी ‘लेटर’. वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह हे ‘मार्क’. वर्ग चुकीचा मागितला तर वेलांटी बाहेरच राहणार! युनिकोडच्या अॅनेक्स ३१ या पुरवणीत स्वच्छ लिहिलंय की नावाच्या सुरुवातीला अक्षर हवं, पुढे मार्कही चालतात. जावाची ‘इज-जावा-आयडेंटिफायर-पार्ट’ मेथड (हे चिन्ह नावात चालेल का ते सांगणारी) मार्क घेते, आणि जेफ्लेक्सचा ‘जेलेटरडिजिट’ वर्ग तिच्यावरच बेतलाय. मॅन्युअलच्या उदाहरणातही तेच: आधी एक ‘जेलेटर’ (नावाच्या सुरुवातीला चालणारं अक्षर), मग हवे तितके ‘जेलेटरडिजिट’. भाचीने एक ओळ बदलली आणि ‘किंमत’ अख्खी आली. ‘रक्कम’सुद्धा, मोडक्या पायासकट.

संथपणाचं म्हणाल तर जेफ्लेक्स हे वर्ग स्कॅनर तयार करतानाच उलगडून तक्त्यांत बसवतं. चालताना मेथडचा संबंध नाही. अँटलर या तशाच दुसऱ्या साधनाच्या लेक्सरमध्ये (म्हणजे स्कॅनरमध्येच) तीच मेथड प्रेडिकेट, म्हणजे अट, म्हणून लिहिली, तर मात्र ती चालताना कॉल होते आणि वेळ खाते. तेवढं मान्य. पण मेसेज जेफ्लेक्सबद्दल होता ना?

‘डिजिट’मध्ये देवनागरी ५ पण बसतो, आणि जावाचं ‘पार्स-इंट’ (मजकुरातून पूर्णांक काढणारी मेथड) तो बिनतक्रार वाचतं.

खरी मेख मेसेजवाल्याला दिसलीच नाही. ‘दुसऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याच्या ऱ चा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून मागे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह घालून. ‘जेलेटरडिजिट’ दोन्ही घेतो, पण सिम्बल टेबलात (नावांच्या नोंदवहीत) दोन वेगळी नावं पडतात, आणि नॉर्मलायझेशननेही, म्हणजे युनिकोडच्या एकसारखं करण्याच्या नियमांनीही, ती एक होत नाहीत. टोकन (स्कॅनरने तोडलेला शब्द) हातात आलं की दुसरं रूप बदलून पहिलं कर, असं भाचीला सांगितलंय.