थायलंड स्वस्त आहे, पण कुणाला?

पन्नाशी-साठीतल्या आमच्या मित्रमंडळींत सध्या एक नवं खूळ आहे: रिटायर झालं की थायलंडला जाऊन राहायचं. चियांग माईतला टापटीप फ्लॅट, खाली बाजार, समोर डोंगर आणि महिन्याचा खर्च म्हणे पुण्याएवढाच. असा एखादा व्हिडिओ ग्रुपवर पडला की पुढे दोन दिवस दुसरा विषय नाही. मीही बघतो. फ्लॅट खरंच छान असतो.

पण व्हिडिओतला माणूस बहुतेक वेळा अमेरिकन किंवा इंग्रज असतो आणि आपण त्याचा हिशेब उसना घेतो. त्याला थायलंड स्वस्त पडतं, कारण त्याची पेन्शन डॉलरात नाहीतर पौंडात येते. आपली रुपयात. दहा वर्षांपूर्वी एक बाट, म्हणजे थायलंडचं चलन, दोन रुपयांच्या आत मिळायचा, आता अडीचच्या वर मोजावे लागतात. म्हणजे तिथली महागाई शून्य धरली तरी आपला खर्च निदान पाव पटीने वाढलाच असता. सरकारी पेन्शनरला महागाई भत्ता मिळतो, पण तो इथल्या महागाईवर ठरतो, बाटशी त्याचं काही देणंघेणं नाही. ईपीएसवाल्यांना, म्हणजे पीएफ खात्याची पेन्शन घेणाऱ्यांना, तर तोही नाही.

बरं, इंग्रजांचं तरी सगळं आलबेल आहे का? ब्रिटिश सरकार थायलंडमध्ये राहणाऱ्या आपल्या पेन्शनरांना दरवर्षीची वाढ देतच नाही. २०१० साली ज्याला आठवड्याला ९७.६५ पौंडांची पूर्ण बेसिक पेन्शन सुरू झाली आणि जो तेव्हाच तिकडे गेला, त्याला अजून तेवढेच मिळतात. मायदेशी राहिलेल्याचे २०२५-२६ मध्ये १७६.४५ झाले. शिवाय २००७च्या आसपास पौंडाला सत्तरएक बाट मिळायचे, २०१९ला ते चाळिशीच्या आत आले. (गोठलेल्या पेन्शनच्या या यादीत भारतही आहे. ब्रिटनमध्ये नोकरी करून निवृत्तीनंतर पुण्याला परतणाऱ्यांनी हे आधीच बघून ठेवावं.)

आणि थायलंडमध्ये राहायला मिळतं म्हणजे तरी काय? वय निदान पन्नास हवं. तिथल्या बँकेत आठ लाख बाट, म्हणजे आपले वीस लाखांहून जास्त, नाहीतर महिन्याला ६५,००० बाटांचं उत्पन्न दाखवायचं. पैसे अर्जाआधी दोन महिने आणि नंतर तीन महिने पूर्ण पडून राहिले पाहिजेत, पुढेही चार लाखांच्या खाली जाता कामा नये. एवढं करून मुक्काम वाढतो एका वर्षाने. दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवायचा. काम करायची परवानगी नाही. जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही, फ्लॅट घेता येतो, पण इमारतीतलं ४९ टक्क्यांपर्यंतचंच क्षेत्रफळ परदेशी लोकांच्या मालकीचं असू शकतं. आपला मेडिक्लेम सहसा देशाबाहेर चालत नाही आणि सत्तरीत नवा विमा घ्यायला गेलात की हप्ता ऐकूनच परत याल. पंच्याहत्तराव्या वर्षी गुडघे धरत इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहायचं, तेही बायकोसकट. हे व्हिडिओत दिसत नाही.

स्वस्त देशात निवृत्त होण्याचा हिशेब आपल्याकडे खरा जमतो तो अमेरिकेहून परत येणाऱ्यांना. सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिथली सरकारी पेन्शन, डॉलरात, घर पुण्यात बाणेरला, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असेल तर दरवर्षी व्हिसाची कटकट नाही. मेडिकेअर हा तिथला म्हातारपणचा सरकारी आरोग्यविमा इथे चालत नाही, तेवढी एक पाचर आहे. त्यांचं चांगलं चाललंय, चालू दे. त्यांच्यामुळे बाणेरचे भाव कुठे गेले, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मी फारसं गोड बोलणार नाही.

राहता राहिला आपला रुपयातला माणूस. त्याला खरोखर खर्चच वाचवायचा असेल तर नेपाळ आहे. व्हिसा लागत नाही, १९५०च्या करारामुळे भारतीयांना तिथे राहता येतं आणि १९९३पासून आपले शंभर रुपये म्हणजे त्यांचे १६० हा दर हललेला नाही. पोखऱ्याला तळं आहे, डोंगर तर चियांग माईपेक्षा कितीतरी मोठे. मी ग्रुपवर हे लिहिलं. त्यावर फक्त एक अंगठा आला, आणि अर्ध्या तासाने थायलंडमधल्याच हुआ हिनचा व्हिडिओ.