दोन केबलींचे पैसे

ब्लेड सर्व्हरच्या पेटीत इथरनेट स्विच, म्हणजे सर्व्हरांना नेटवर्कशी जोडून देणारा डबा, बसवणे हे काम हातांना पाच मिनिटांचे आणि जिभेला दिवसभराचे आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या आमच्या शेठजींनी आयबीएमच्या ब्लेडसेंटर कुळातील एक वापरलेली पेटी घेतली. ती किती स्वस्तात पडली हे त्यांनी अख्ख्या कारखान्याला ऐकवले आणि ती चालू करून देण्याचे काम माझ्या गळ्यात घातले.

या पेटीत १४ पातळ सर्व्हर उभे, एकमेकांना खेटून बसतात. उंची ७ यू, म्हणजे पावणेदोन इंचांचा एक यू धरल्यास जेमतेम सव्वाबारा इंच. पण पूर्ण भरलेल्या पेटीचे वजन शंभर किलोंच्या वर जाते, त्यामुळे उचलायला आलेल्या चौघांपैकी दोघांना एकाएकी चहाची आठवण झाली. अशा एकेका पातळ सर्व्हरला ब्लेड म्हणतात, आणि ब्लेडला स्वतंत्र नेटवर्क केबल लावायची नसते. तो पेटीच्या आतूनच, मागे खोचलेल्या स्विचला जाऊन मिळतो. या स्विचला आतल्या अंगाने १४ पोर्ट असतात, जे कोणालाच दिसत नाहीत, आणि बाहेर चार असतात, जे सगळ्यांना दिसतात. माझ्या हालअपेष्टांना सुरुवात या चारांपासून झाली.

"चौदा मशीनला चार वायरी? मग बाकीची धा काय बगत बसणार काय ओ?" शेठजींनी विचारले. चौदाही जण त्याच चार दारांतून ये-जा करतील, असे मी समजावले. ते पटले नसल्याचे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

स्विच आत सरकवून खटके दाबले. पेटीच्या मॅनेजमेंट मॉड्यूलचा, म्हणजे साऱ्या पेटीचा कारभार पाहणाऱ्या भागाचा, नेटवर्कवरचा मूळ पत्ता १९२.१६८.७०.१२५ आणि पहिल्या खणातल्या स्विचचा १९२.१६८.७०.१२७ असतो, म्हणून लॅपटॉपला त्याच मालिकेतला एक पत्ता दिला. मूळ पासवर्ड म्हणजे इंग्रजीतला 'पासवर्ड' हाच शब्द, फक्त त्यातल्या 'ओ'च्या जागी शून्य. कार्यालयातल्या कॉम्प्युटर शिकलेल्या पोराने मला बाजूला सारून तो मोठ्या आत्मविश्वासाने 'ओ' घालून टाइप केला आणि पेटी बिघडलेली असल्याचा निकाल तिथल्या तिथे जाहीर केला.

शून्य घातल्यावर दार उघडले. लॅपटॉपवरून स्विच उत्तर देत होता, त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पोर्ट चालू दिसत होते, आणि तरीही बाहेरच्या पोर्टमध्ये केबल घातली की दिवा काही लागत नव्हता. वायरमनमामांनी केबलीवर संशय घेतला. टेस्टर लावला तर एक ते आठ दिवे ओळीने लागून गेले, तरी मामांचे समाधान होईना; एक पोरगा सायकलवरून नव्या पेठेत गेला आणि नव्या केबली घेऊन आला. नव्या केबलींनाही दिवा लागला नाही.

खरा प्रकार असा की, या पेटीत स्विचच्या मताला फारशी किंमत नसते. मॅनेजमेंट मॉड्यूल हा कचेरीतला हेडक्लार्क असून, बाहेरच्या पोर्टांना परवानगी देण्याचा अधिकार त्याने स्वतःकडे ठेवलेला असतो, आणि ही परवानगी मुळात बंद असते. मला यात गैर वाटत नाही. कोरा स्विच चालत्या नेटवर्कला थेट जोडला तर तो काय गोंधळ घालील याचा नेम नसतो. स्विचची मांडणी उरकून मी ती परवानगी दिली आणि दिवा लागला. "केबल नवी आणली म्हणून लागला," असे मामा म्हणाले.

मांडणीत व्हीलॅनचे, म्हणजे एकाच नेटवर्कात पाडलेल्या वेगवेगळ्या खोल्यांचे, क्रमांक ठरवायचे होते. १ पासून ४०९४ पर्यंतचे क्रमांक मोकळे असूनही शेठजींना स्वतःच्या केबिनसाठी एक नंबरच हवा होता. तो मुळातच सर्वांचा असल्याने शहाणी माणसे त्याला हात लावत नाहीत, हे सांगून मी त्यांना १० वर राजी केले.

त्यानंतर मी दुसरी केबल लावली. पहिलीचा दिवा हिरवा होता, दुसरीचा नारिंगी झाला.

"हिचं काय झालं ओ?"

दोन स्विचमध्ये दोन वाटा असल्या की सर्वांना उद्देशून पाठवलेला संदेश त्या वाटांनी गोल गोल फिरत राहतो. इथरनेटच्या चौकटीत त्याला म्हातारपण येण्याची सोयच नाही, त्यामुळे थोड्याच वेळात सारे जाळे त्या फेऱ्यांनीच भरून जाते. यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना स्पॅनिंग ट्रीचा उपाय काढला: जास्तीची वाट अडवून ठेवायची आणि पहिली तुटली तरच ती खुली करायची. हे सर्व मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले.

"म्हणजे पैसे दोनाचे घेतले आणि काम एकच करणार," शेठजी म्हणाले.

व्यापारी माणसाचे तर्कशास्त्र अडवायला स्पॅनिंग ट्री पुरे पडत नाही. शेवटी मी कारखान्याच्या जुन्या स्विचवर आणि या नव्या स्विचवर, दोन्हीकडे, त्या केबलींची एक मोळी करून घेतली; २००० सालच्या ८०२.३एडी या मानकाने तशी सोय केलेली आहे. दोन्ही दिवे हिरवे झाले. आता फाइल दुप्पट वेगाने जाईल ना, असे शेठजींनी विचारले. एक संवाद एकाच केबलीने जातो आणि अनेक संवाद असले तरच ते दोहोंत वाटले जातात, हे मी सांगितले. पण ते हिरवा रंग पाहण्यात गुंतले होते. हे दिवे मागच्या बाजूला आहेत आणि गिऱ्हाइकाला दिसणार नाहीत, याचेच त्यांना वाईट वाटत होते. पेटी फिरवून ठेवा, असा हुकूम झाला. पुढून थंड हवा आत जाते आणि मागून गरम हवा बाहेर पडते, तेव्हा ती फिरवता येणार नाही, एवढे मात्र त्यांनी लक्षपूर्वक ऐकून घेतले.

पुढे मॅनेजमेंट मॉड्यूलने तापमानाचा इशारा दिला म्हणून मी मागे जाऊन पाहिले, तर पेटीला अगदी लागून दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर नमुन्याचे ओले टॉवेल एकाशेजारी एक वाळत घातलेले होते.

"फुकटची गरम हवा वाया चालली होती की ओ," शेठजी म्हणाले.